कानबाईनंतर घरभर ताप: आधी कुणाकडे बघायचं?

अमळनेर तालुक्यातल्या एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, आमचे सगळे भाऊबंद गावी आले होते. सुरतेच्या पुतण्याला खोकला होता, पण रविवारी रोटाच्या (कानबाईच्या प्रसादाच्या) पंगतीला तो सगळ्यांबरोबर बसला. मंगळवारी माझ्या यजमानांना १०३ ताप, बुधवारी माझ्या चार वर्षांच्या मुलाला आणि मला. आम्ही तिघांनी सुया घेतल्या, बाटल्या लावल्या, आठवड्यात उठलो. सासूबाईंना मात्र ताप ९९ च्या वर गेलाच नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या नुसत्या झोपून होत्या, जेवत नव्हत्या. वय ६८, साखरेचा आजार. पाचव्या दिवशी धाप लागली म्हणून धुळ्याला नेलं, तर न्यूमोनिया निघाला. आता घरी आल्या आहेत. जाऊबाईंना सातवा महिना आहे. पुढे पित्तर, मग दिवाळी, पुन्हा सगळे जमतील. फ्लू आणि साधं पडसं ओळखायचं कसं? दोन खोल्यांच्या धाब्याच्या घरात आजारी माणूस वेगळा ठेवायचा कसा? आणि लस घ्यावी का?"

ताई, सासूबाई घरी परतल्या ही फार मोठी गोष्ट झाली. त्यांच्याकडे लक्ष गेलं नाही याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. १०३ ताप असलेलं माणूस कण्हत असताना शांत पडलेल्या म्हातारीकडे कुणाची नजर जाणार? पण फ्लूमध्ये नेमका इथेच घात होतो. ताप म्हणजे शरीराने विषाणूला दिलेलं उत्तर. तुमच्या यजमानांच्या शरीराने ते जोरात दिलं. साठी उलटलेल्या, त्यातून मधुमेह असलेल्या शरीराला ते तितक्या जोरात देता येत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसात फ्लू पुष्कळदा तापाऐवजी ग्लानी, अन्नावरची वासना उडणं, बोलण्यात गोंधळ, उठताना तोल जाणं अशा रूपात दिसतो. घरात एकाला फ्लूसारखा ताप आलेला असताना म्हातारं माणूस "नुसतं झोपून" असेल, तर त्यालाही तोच आजार झाला आहे असं धरून चाला.

आता पडसं आणि फ्लू. पडसं हळूहळू येतं: आज घसा खवखवतो, उद्या नाक गळतं, परवा जरा कणकण वाटते, आणि माणूस शेतात जाऊन येऊ शकतो. फ्लू झडप घालतो. सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळपर्यंत अंथरुणात असतो. ताप १०१ ते १०४, थंडी वाजणं, कपाळ ठणकणं, अंग मोडून येणं, पाठ आणि पिंढऱ्या दुखणं, कोरडा खोकला, घसा दुखणं. आजार कोणत्या वेळी सुरू झाला हे माणसाला सांगता येत असेल, तर फ्लूची शंका बळावते. लहान मुलांना याबरोबर उलट्या-जुलाबही होतात. ताप साधारण तीन-चार दिवसांत उतरतो. खोकला आणि थकवा दोन आठवडे किंवा जास्तही रेंगाळतो, त्याने घाबरू नका. कोविड मात्र नुसत्या लक्षणांवरून फ्लूपासून वेगळा काढता येत नाही.

श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे आणखी एक अडचण असते. फ्लूची एक लाट पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला येते, दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये. पहिली लाट आणि डेंग्यू-मलेरियाचे दिवस एकच. म्हणून ताप आहे, पण खोकला, घसा, नाक यांतलं काहीच नाही, डोळ्यांच्या मागे दुखतं आहे, अंगावर पुरळ आहे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं आहे, तर ते फ्लू म्हणून घरी काढू नका, डेंग्यूची तपासणी करून घ्या. हुडहुडी भरून ताप येतो, घाम फुटून उतरतो आणि पुन्हा येतो, तर मलेरियासाठी रक्त तपासा. दोन्ही तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात. तापाच्या दुसऱ्याच दिवशी केलेल्या विडाल तपासणीवरून "टायफॉइड निघाला" असं मात्र ठरवू नका. पहिल्या आठवड्यात ती तपासणी भरवशाची नसते, आणि त्या एका कागदावर कितीतरी घरांत विनाकारण अँटिबायोटिक सुरू होतं.

ताप उतरल्यावरचे दिवसही जपायचे असतात. डेंग्यूत ताप उतरताना धोका सुरू होतो: पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं. फ्लूत कधी कधी ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा चढतो, खोकल्यात पिवळा-हिरवा बेडका येऊ लागतो. विषाणूने फुप्फुसाचं आतलं अस्तर खरवडून ठेवलेलं असतं, तिथे आता जिवाणू शिरलेले असतात. असा परत आलेला ताप दिसला की त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. अँटिबायोटिकची खरी गरज इथे असते. पहिल्या दिवशी मेडिकलवरून आणलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या विषाणूला काहीही करत नाहीत.

घरात पहिला ताप आला की आधी एक काम करा. घरातल्या माणसांची मनातल्या मनात उजळणी करा आणि जोखमीचं माणूस कोण ते ठरवा. पासष्टी ओलांडलेले, पाच वर्षांखालची मुलं (त्यातही दोन वर्षांखालची जास्त), गरोदर बाई आणि बाळंतीण, साखर, दमा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले, कॅन्सरचे किंवा स्टेरॉईडचे औषधोपचार चालू असलेले. तुमच्या घरात सासूबाई, जाऊबाई आणि तुमचा मुलगा असे तिघे जण यात बसतात. सरकारी मार्गदर्शनात फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे गट केलेले आहेत. सौम्य ताप-खोकला असलेलं धडधाकट माणूस 'अ' मध्ये: घरी विश्रांती, स्वॅब नको, विषाणूचं औषध नको, फक्त २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघायचं. ताप जोराचा आणि घसा फार दुखतो, किंवा लक्षणं सौम्य पण माणूस जोखमीचं, तर 'ब': डॉक्टर ऑसेलटॅमिवीर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू करतात, तपासणीची वाट न बघता. धाप, छातीत दुखणं, ग्लानी, रक्तदाब घसरणं, बेडक्यात रक्त, नखं निळी पडणं यांतलं काहीही असेल तर 'क': दवाखान्यात भरती आणि घशाच्या स्वॅबची तपासणी.

म्हणजे सासूबाई पहिल्या दिवशीच 'ब' मध्ये होत्या, तापाचा आकडा काहीही असो. ऑसेलटॅमिवीर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा सर्वात जास्त उपयोग होतो, कारण ते विषाणूला एका पेशीतून सुटून दुसरीकडे पसरू देत नाही. जितका उशीर, तितका विषाणू आधीच पसरलेला. मोठ्या माणसाला साधारण ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांना वजनानुसार, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी. जेवणानंतर घेतलं की मळमळ कमी होते. चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि मिळूही नये. गरोदरपणातही ते दिलं जातं, त्यामुळे जाऊबाईंना ताप-खोकला आला तर "पोटात बाळ आहे, औषध नको" म्हणून दिवस घालवू नका, त्याच दिवशी दाखवा. ४८ तास उलटून गेले तरी गरोदर किंवा गंभीर रुग्णाला डॉक्टर ते देतात. दवाखान्यात गेल्या गेल्या सांगायची दोन वाक्यं: "घरात आणखी तिघांना असाच ताप आहे" आणि "हिला सातवा महिना आहे" किंवा "यांना साखर आहे".

बाटली आणि सुईबद्दल स्पष्ट सांगतो. तोंडाने पाणी जात असेल तर सलाईनची गरज नसते. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. बाकी सगळं पाणी. धडधाकट माणसाला त्याने तरतरी वाटते, पण साखरेच्या रुग्णाला चौकशी न करता ती लावली तर रक्तातली साखर चढते. ताप झटक्यात उतरवणाऱ्या सुईत कधी डायक्लोफेनॅक हे दुखणं-ताप कमी करणारं औषध असतं, कधी स्टेरॉईड. आजार डेंग्यू निघाला तर पहिल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुसऱ्याने साखर वाढते आणि फ्लूशी लढणारी प्रतिकारशक्ती दबते. सुई देणाऱ्याला "यात काय आहे?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तापाला पॅरासिटामॉल पुरे. मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये किमान चार ते सहा तास, आणि दिवसभरात ३ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरायचं. मुलांना दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. इथे एक चूक नेहमी होते: पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलिटरला १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं, आणि जुन्या बाटलीचं माप नव्या बाटलीला लावलं की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. तुमचा मुलगा १५ किलोचा असेल तर १५० ते २२५ मिलिग्रॅम लागेल. बाटलीवरचा आकडा वाचून, सोबतच्या झाकणाने मोजा, घरातल्या चमच्याने नको. मुलांना ॲस्पिरिन कधीही नको. फ्लूमध्ये त्याने यकृत आणि मेंदूवर सूज येऊ शकते. निमेसुलाईड या तापाच्या औषधाला १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या चिठ्ठीवर ते अजून मागितलं जातं. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन-फिनाईलएफ्रिनचं सर्दीचं सिरप देऊ नये, असा केंद्र सरकारचा २०२३ चा आदेश आहे. जाऊबाईंना आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालतं.

खाण्यापिण्यात पथ्य असं काही नाही. मुगाची पातळ खिचडी, दादर ज्वारीची पेज, वरणाचं पाणी, कढी, जे घशाखाली उतरेल ते. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा सहा-आठ तासांत झालीच नसेल, तर पाणी कमी पडतं आहे. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट ओतलं तर मीठ जास्त होऊन मुलांना अपाय होतो. सासूबाईंनी आजारपणात इन्सुलिन मनाने बंद करू नये, कारण न जेवताही आजारात साखर वाढते. घरी यंत्र असेल तर दिवसातून तीन-चार वेळा तपासा. उलट्या होत असतील तर मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना फोनवर विचारा. काढा, हळदीचं दूध घशाला बरं वाटतं, जरूर द्या. फक्त सासूबाईंच्या काढ्यात गूळ नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. वाफेने विषाणू मरत नाही. लहान मुलाला घोंगडीखाली उकळत्या पातेल्यासमोर बसवलं की भाजण्याची भीती मात्र खरी असते.

घरी राहिलेल्या रुग्णाचं दिवसातून तीन वेळा बघा आणि वहीत लिहा: ताप, श्वास, आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर त्याचा आकडा. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंशाने कमी दिसतो. चहा पिऊन लगेच तोंडात थर्मामीटर ठेवू नका. ऑक्सिमीटर लावताना हात गार असेल तर चोळून गरम करा, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असलेलं बोट टाळा आणि आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. ९४ च्या खाली गेला तर त्याच दिवशी दवाखाना, ९० च्या खाली तर १०८ ला फोन करा, रात्र असली तरी. यंत्र नसेल तर श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण ६० सेकंद. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास हे न्यूमोनियाचं लक्षण धरायचं. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, जागं होत नसेल तर मोजत बसू नका, निघा. मोठ्या माणसाचा बसल्या जागी श्वास मिनिटाला २४ च्या वर असेल, किंवा एक वाक्य दमाशिवाय पुरं होत नसेल, तरीही निघा. जाऊबाईंच्या बाबतीत बाळाची हालचाल कमी वाटणं हेही तितकंच तातडीचं कारण आहे.

आता दोन खोल्यांचा प्रश्न. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून आजार देऊ लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो, लहान मुलं त्याहून जास्त दिवस. संसर्ग झाल्यापासून ताप यायला एक ते चार दिवस लागतात, बहुधा दोन. तुमच्या घरी रविवारी पंगत आणि मंगळवारी ताप, हे गणित तंतोतंत जुळतं. याचा अर्थ असा की यजमानांना ताप भरला तेव्हा तुम्हाला आणि मुलाला लागण बहुधा झालेलीच होती. म्हणून दोन खोल्यांच्या घरात आजारी माणसाला कोंडण्यापेक्षा जोखमीच्या माणसाला बाजूला काढणं सोपं पडतं आणि जास्त कामाचं ठरतं. पहिला ताप दिसला त्याच रात्री सासूबाई आणि जाऊबाई एका खोलीत, शक्यतो ज्या खोलीला खिडकी आहे आणि जिथे सगळ्यांची ये-जा नाही तिथे. तापाची सगळी माणसं दुसरीकडे. शेजारच्या भाऊबंदाकडे आठ दिवस सोय होत असेल, आणि त्यांच्याकडे कुणाला ताप-खोकला नसेल, तर आणखी चांगलं.

धाब्याची घरं उन्हाळ्यात गार राहतात, पण भिंती जाड, खिडक्या लहान, हवा कोंडते. विषाणू थेंबांतून पसरतो, ते बहुतेक तीन ते सहा फुटांत खाली बसतात, पण बारीक थेंब कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात. दार आणि समोरची खिडकी किंवा छतातला झरोका एकाच वेळी उघडा ठेवा, पाऊस नसेल तेव्हा पूर्ण. टेबलफॅन असेल तर तो रुग्णाच्या अंगावर न सोडता खिडकीजवळ बाहेर तोंड करून लावा, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. एकाच खोलीत झोपावं लागलं तर अंथरुणांत सहा फूट नाही जमलं तरी तीन फूट ठेवा, आणि एकाचं डोकं पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. दिवसा पाऊस उघडला की रुग्णाने ओट्यावर बसावं.

मास्क रुग्णाने लावायचा, तीन पदरी, ओला झाला की बदलायचा. सेवा एकाच माणसाने करावी, त्यानेही मास्क लावावा, आणि ते माणूस जाऊबाई नसावं. शिंक-खोकला कोपरात घ्यायचा. पदराबद्दल मुद्दाम लिहितो, कारण पदरातच शिंकायचं, त्यानेच मुलाचं नाक पुसायचं आणि त्यानेच ताट कोरडं करायचं, हे नकळत होत असतं. कापडावर हा विषाणू आठ ते बारा तास, तर स्टीलसारख्या गुळगुळीत वस्तूंवर २४ ते ४८ तास टिकू शकतो. पदराऐवजी जुन्या साडीचे तुकडे करून कमरेला खोचा, वापरले की साबणाच्या पाण्यात टाका. माठातला तांब्या, नळाची तोटी, दाराची कडी, मोबाईल यांवरून दिवसातून दोनदा साबणाचं फडकं फिरवा. रुग्णाचा पेला वेगळा. भांडी मात्र फेकायची किंवा उकळायची गरज नाही. विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं, म्हणून २० सेकंद साबण लावून धुतलेले हात कुठल्याही महाग औषधापेक्षा कमी नाहीत.

ताप उतरून, पॅरासिटामॉल न घेता, पूर्ण २४ तास होईपर्यंत रुग्णाने घरातच थांबावं, आणि सुरुवातीपासून सात दिवस म्हाताऱ्या माणसांच्या आणि बाळांच्या जवळ जाऊ नये. कापूस वेचणीच्या दिवसांत हे पाळणं जड जातं. मजुरी बुडते, तेही कळतं. पण एकाच टेम्पोत दाटीने बसणं आणि एका कॅनच्या एकाच पेल्याने सगळ्यांनी पाणी पिणं यातून अख्खी टोळी आठवड्यात आडवी पडते. प्रत्येकाने आपली बाटली नेली तरी पुष्कळ फरक पडतो.

पित्तराला आणि दिवाळीला पाहुण्यांना आधीच फोन करा: "ज्याला ताप-खोकला आहे त्याने चार दिवस मागेपुढे यावं." घरात म्हातारं माणूस नुकतंच न्यूमोनियातून उठलेलं असताना असं सांगण्यात कसलाही अपमान नाही. जेवणं ओट्यावर किंवा अंगणात वाढा. सासूबाईंच्या पाया पडायचं ते लांबून.

लस जरूर घ्या. विषाणू आपलं रूप बदलत राहतो आणि लसीचं बळही महिन्यांत ओसरतं, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. लस विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षी आजाराची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, आणि झालाच तर न्यूमोनियापर्यंत जाण्याची शक्यताही कमी होते. सुईच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. एक-दोन दिवस दंड दुखेल, थोडी कणकण येईल. परिणाम सुरू व्हायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडची मोठी लाट पावसाळ्यात, तेव्हा दरवर्षी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), पाऊस लागायच्या आत घेतलेली बरी. यंदा ती वेळ गेली असली तरी हिवाळ्याची लाट पुढे आहे, आताही घेता येते. सासूबाईंनी पूर्ण बरं झाल्यावर घ्यावी आणि त्याच वेळी न्यूमोकोकलच्या (न्यूमोनियाच्या जिवाणूवरच्या) लसीबद्दलही विचारावं. तुमच्या मुलाला पहिल्यांदाच देणार असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील. नऊ वर्षांखाली पहिल्या खेपेला असंच असतं.

जाऊबाईंनी सर्वात आधी घ्यावी, याच आठवड्यात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्या काळात आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीतून नाळेवाटे गेलेलं संरक्षणच त्याच्या कामी येतं. महाराष्ट्रात दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बायांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस सरकारकडून मोफत दिली जाते. साठा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी फोन करून विचारा, आणि जाताना जाऊबाईंचं माता-बाल कार्ड आणि सासूबाईंची साखरेच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या.